बामच्या डबीतल्या गोळ्या

माझ्या धाकट्या बहिणीला पहिली फिट आली तेव्हा ती सातवीत होती. बाबा सिद्धेश्वरच्या धरणावर कॅनॉलचं पाणी सोडायच्या नोकरीत होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरात राहायचो. दोरीवर कपडे वाळू घालता घालता ती ताठ झाली आणि धाडकन आडवी पडली. एका शेजारणीनं कांदा हुंगवला, दुसरीनं चप्पल. बाबांना एका गोष्टीचं श्रेय मी देते, तेवढं एकच देते. ते कुण्या देवऋष्याच्या नादी लागले नाहीत. सरळ एसटीत बसवून तिला नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक पांढरी गोळी लिहून दिली आणि बजावलं, एक दिवस चुकवायची नाही, मनानं बंद करायची नाही.

गोळ्या सुरू झाल्या, फिट थांबली. दहावीच्या परीक्षेच्या गडबडीत तिनं दोन-तीन दिवस घेतल्या नाहीत, तर गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी पुन्हा पडली. म्हणजे गोळी चुकली की काय होतं हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं असं कुणी म्हणू नये. कळूनसवरून केलं आम्ही.

तिला स्थळ आलं ते आखाडा बाळापूरपासून कोस-दीड कोसावरच्या एका गावातलं. पोरगा ट्रॅक्टर चालवायचा, घरची थोडी जमीन, वडील नव्हते, सासूच कर्तीधर्ती. माझी बहीण दिसायला माझ्यापेक्षा उजवी आणि कामाला वाघीण. पाहताक्षणी पसंत पडली. त्या संध्याकाळी बाबांनी मायला आणि आम्हा दोघींना समोर बसवलं.

"फिटचा शबूद कुनाच्या तोंडातून निघाला न्हाई पायजे," ते म्हणाले. "एकदा का चार गावात झालं की पोरगी जलमभर घरात बसंल. समजलं का?"

मायनं मान हलवली. मी मान हलवली. बहिणीला कुणी विचारलंच नाही. तिनं मान हलवली का नाही, तेही मला आठवत नाही. आज ते आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. आजार तिचा, अंग तिचं, लग्न तिचं, आणि बोलायचं का नाही हे ठरवणार आम्ही तिघं!

मी तेव्हा बाळापूरच्याच शाळेत मास्तरीण होते. म्हणून गोळ्या पोचवायचं काम माझ्याकडं आलं. मेडिकलवाल्याला नांदेडची जुनी चिठ्ठी दाखवायची. घड्या पडून पडून तिचे तुकडे व्हायची वेळ आली होती, पण तो न बघताच गोळ्या द्यायचा. घरी आणून मी एकेक गोळी पाकिटातून फोडून काढायची आणि बामच्या रिकाम्या डबीत भरायची. पाकिटावर नाव असतं ना! सासरी एखादं शिकलेलं पोरगं वाचील, कुणाला विचारील, म्हणून नावच नको. रिकामी पाकिटं मी चुलीत घालायची. काय ती माझी हुशारी! बाजाराच्या दिवशी सासू-सून बाळापूरला आल्या की बांगडीवालीच्या पालापाशी गर्दीत ती डबी बहिणीच्या हातात सरकवायची. ती घरी जाऊन ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायची. असं दीड वर्ष चाललं. एकदाही फिट आली नाही, एकदाही कुणाला कळलं नाही, आणि मी स्वतःवर भारी खूश होते.

मग तिला दिवस गेले.

बाजारात तिनं मला कानात सांगितलं आणि लगेच विचारलं, "आक्का, गोळ्या घेऊ का बंद करू? लेकराला काई व्हईन का?"

मला काय ठाऊक? मी म्हणाले, विचारून सांगते. आणि विचारलं कुणाला? मेडिकलवाल्याला! तेही शेजारणीचं नाव पुढं करून. तो भला माणूस होता. म्हणाला, "बाई, फिटच्या गोळीचं म्या काय सांगू? काई चालतात म्हने, काई बदलाव्या लागतात. ज्या डॉक्टरनं लिहून दिल्या त्यायलाच इचारा. पन तवर मनानं बंद नका करू म्हना." इतकं बरोबर सांगितलं त्यानं. दुकानातल्या माणसाला जेवढं कळत होतं तेवढं आम्हाला कळून घ्यायचं नव्हतं.

रविवारी मी सिद्धेश्वरला गेले. बाबांना म्हणाले, तिला नांदेडला दाखवायला पाहिजे.

"काय सांगून न्हेशीन?" बाबा म्हणाले. "बाळापूरला डॉक्टर असताना नांदेड काहून? सासू काय येडी हाय?"

"मग मी एकटी जाऊन विचारून येते."

"एकटी जाऊन काय तपासशीन, सोताचं पोट? दीड वर्स काई झालं का? न्हाई ना? मंग गप बस."

आणि मी गप बसले. एकटीही गेले नाही. बहिणीला एवढंच सांगितलं, गोळ्या घेत राहा. आज कुणी म्हणतं, त्या काळात बायकांना कुठं बोलता यायचं. कप्पाळ! मला पगार होता, मी वर्गात साठ पोरांवर आवाज चढवत होते, पंचायत समितीत साहेबांशी भांडून बदली थांबवली होती. मला बोलता येत होतं. बापासमोर मी मूग गिळून बसले एवढंच.

पाचव्या महिन्यात सासू तिला बाळापूरच्या डॉक्टरकडं घेऊन आली. मलाही निरोप दिला होता, शाळेतून अर्धा तास काढून मी गेले. डॉक्टरांनी वजन घेतलं, पोट तपासलं, लोहाच्या गोळ्या लिहिल्या. मग पेन हातात धरूनच विचारलं, "आधीचा काही आजार? कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

"न्हाई हो," सासू म्हणाली. "काई न्हाई. ठणठणीत हाय लेकरू माहं."

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ पाहिलं असेल? दोन पळं. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. डॉक्टरांनी 'काही नाही' असं लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली. बाहेर आल्यावर सासूनं आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. मी तो प्यायले.

आता पुढचं मला नंतर सासूच्याच तोंडून कळलं, तसं सांगते.

सातवा लागला होता. ओटभरणीला घालायला शालू काढावा म्हणून सासूनं ट्रंक उघडली आणि घडीतून डबी खाली पडली. आत बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या. सून चोरून गोळ्या खाते! तिच्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं असेल? पाळणा लांबवायच्या गोळ्या, नाहीतर पाडायच्या. त्या काळी सुनेच्या ट्रंकेत लपवलेल्या गोळ्यांचा दुसरा अर्थ कुणाच्या मनात येणार होता? ती बहिणीला म्हणाली, "ह्या कशाच्या हायेत?" बहीण गप्प. "तुला लेकरू नको हाय का?" बहीण रडायला लागली, पण गप्प. खरं सांगावं तर लग्न मोडणार, न सांगावं तर पोटातल्या जिवावर उठलेली ठरणार. अशा कात्रीत आम्ही तिला बसवून आलो होतो.

आणि ऐका, ती सासू काही कजाग नव्हती. तिनं आरडाओरडा केला नाही, गावात बोभाटा केला नाही. डबी पदराखाली घेऊन ती उपकेंद्रातल्या नर्सबाईकडं गेली. नर्सबाईनं गोळी हातावर घेऊन उलटसुलट पाहिली. वेष्टन नाही, नाव नाही, कसं ओळखणार? ती म्हणाली, "मावशी, कशाची गोळी हाय ते कळल्याबिगर पोटुशी बाईला अजिबात देऊ नका. फेकून द्या. आन् तिला दवाखान्यात घेऊन या, इचारू काय तकलीफ हाय ते."

काय चुकलं त्या नर्सबाईचं? काहीच नाही. तिनं अगदी बरोबर सांगितलं, आजही कुणी विचारलं तर मीही तेच सांगीन. आणि तेच बरोबर बोलणं माझ्या बहिणीच्या जिवावर आलं, कारण ती गोळी कशाची आहे हे सांगणारा कागद मी माझ्या हातानं चुलीत घातला होता.

सासूनं डबी उकिरड्यावर रिकामी केली. सुनेला म्हणाली, पुढच्या शुक्रवारी नर्सबाईकडं जायचं. तोवर कापूस वेचायला माणसं लागली होती, बाजारही बुडाला, म्हणून तिची-माझी गाठ पडली नाही, आणि तो शुक्रवार तसाच निघून गेला.

माझ्यापर्यंत निरोप आला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मी वर्गावर होते. तिच्या गावचा एक माणूस मोटरसायकलवर आला, म्हणाला, "तुमच्या बहिणीला झटके येऊन राहिले, थांबतच न्हाईत. चुलीपाशी पडली. जीपमदी घालून नांदेडला न्हेलं." योगायोग असा की बाबा त्या दिवशी माझ्याकडं आलेले होते. आम्ही दोघं मिळेल त्या एसटीत चढलो.

गाडीत बाबा खिडकीकडं तोंड करून बसले होते. अर्ध्या रस्त्यात माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तिथं गेल्यावर जास्तीचं बोलू नको. सासू असंल तिथं."

पोरगी मरायला टेकली आणि ह्या माणसाला अजून लग्नाची पडलीय! एवढी वर्षं मी त्यांच्यापुढं मान वर केली नव्हती. त्या एसटीत मला त्यांचा गळा धरावासा वाटला. खोटं कशाला लिहू, वाटला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सासू आणि दाजी, म्हणजे बहिणीचा नवरा, उभे होते. दाजीच्या अंगावर ट्रॅक्टरच्या ग्रीसचे तेच कपडे. आम्ही पोचलो तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आली, तरणीच होती, कपाळावर घाम. म्हणाली, "माहेरची माणसं तुम्ही? बीपी नॉर्मल आहे, सूज नाही, तरी झटके येतायत. आधी कधी फिट आली होती का हिला? लहानपणी? लवकर सांगा."

"न्हाई," बाबा म्हणाले. "कदीच न्हाई."

"खोटं बोलून राहिलेत हे!" मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं की व्हरांड्यातली माणसं उठून उभी राहिली. "सातवीपासून फिट येते तिला! रोज गोळ्या चालू आहेत, सकाळ-संध्याकाळ! आम्ही लपवलं, आम्ही सगळ्यांनी लपवलं!"

पर्समधून ती चिठ्ठी काढून मी डॉक्टरीणबाईच्या हातात कोंबली. तिनं वाचली. "गोळ्या बंद कधी झाल्या?" मी सासूकडं पाहिलं. सासूचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. "आज धाव्वा दिवस," ती म्हणाली. डॉक्टरीणबाई पळतच आत गेली.

झटके थांबले. बहीण वाचली. पोटातलं लेकरू वाचलं नाही.

मुलगी होती. हातपाय नीट, नाक डोळे नीट, डोक्यावर दाट काळे केस. पडल्यानं झालं का झटक्यांत श्वास कोंडल्यानं, ते सांगता येत नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाली. मी तिला विचारलं, त्या गोळ्यांनीच तर नाही ना? मला काहीतरी आधार पाहिजे होता, निर्लज्जासारखा. ती थकलेली होती, तरी तिनं नीट समजावून सांगितलं. म्हणाली, "फिटच्या काही गोळ्या बाळाला त्रासदायक असतात, काही बऱ्यापैकी चालतात. म्हणून तर दिवस राहायच्या आधीच आमच्याकडं यायचं. गोळी बदलायची का, किती द्यायची, ते आम्ही ठरवतो. पण एकदम बंद करायची नाही. आईच पडली तर बाळाला कोण सांभाळणार?" एवढी साधी गोष्ट. नांदेडला एक चक्कर मारली असती तर पाचव्या कशाला, तिसऱ्याच महिन्यात ऐकायला मिळाली असती.

व्हरांड्यात सासू बाबांसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या देईल, चप्पल काढील. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "पोरीला फिट येते म्हून तुमी सांगितलं असतं, तर म्या ही सोयरीक केली नसती. खरं सांगते. न्हाईच केली असती. पन करून घेतल्यावर सांगितलं असतं, तर तिच्या गोळ्या माह्या हातानं उकिरड्यावर फेकायचं पाप तरी माह्या माथी आलं नसतं."

बाबांनी खाली मान घातली. आमच्या बाबांना खाली मान घालताना मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. मला दया आली नाही. अजूनही येत नाही. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. धरते मी. आणि त्यांच्यावर धरते त्याच्या दुप्पट माझ्यावर धरते, कारण त्यांनी फक्त सांगितलं होतं, डबी भरणारी मी होते.

लग्न मोडलं का? नाही! ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते मोडलंच नाही. महिनाभर बहीण माहेरी होती, मग दाजी न्यायला आला. आत बसलाही नाही, दारातूनच म्हणाला, "चाल. गोळ्या कुठून आनायच्या ते सांग, म्या आनत जाईन." तेव्हापासून गोळ्या तोच आणतो, पाकिटासकट, आणि फळीवर मिठाच्या बरणीशेजारी उघड्यावर ठेवतो. सासू सकाळी चहाबरोबर आवाज देते, "घेतली का गं?" मी तिथं गेले की ते ऐकते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हे इतकं सोपं होतं? मग आम्ही कुणाला भीत होतो?

दुसऱ्या खेपेला दोघं नवरा-बायको आधी नांदेडला जाऊन आले. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, मात्रा कमी केली आणि दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची आणखी एक गोळी लिहून दिली. त्या वेळेपर्यंत आमचा जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली झाला होता. तिला पोरगी झाली, धडधाकट, आता कॉलेजात आहे. पण मला सांगायचंय ते पोरगी व्हायच्या आधीचं.

तिसरा महिना होता. बाळापूरला त्याच डॉक्टरांकडं नाव नोंदवायला गेलो, ती, तिची सासू आणि मी. बाजाराचा दिवस, बायकांची ही गर्दी. ओळखीच्या बायका, तिच्या गावच्या, माझ्या शाळेतल्या पोरांच्या आया. तिचा नंबर आला. डॉक्टरांनी वही उघडली. ते काही विचारायच्या आतच ती म्हणाली, खणखणीत आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"डॉक्टर, मला फिट येते. लहानपणापासून. ह्या गोळ्या रोज चालू आहेत. आधीचं एक लेकरू गेलंय."

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. आणि माझा हात, मी काही ठरवायच्या आत, तिचा पदर ओढायला पुढं गेला. गप्प बस म्हणून. एवढं सगळं होऊन गेल्यावर! सासूनं तो पाहिला आणि मनगटाला धरून बाजूला केला.

डॉक्टरांनी वरही पाहिलं नाही. "बरं झालं सांगितलं," ते म्हणाले, "शेवटची फिट कधी आली?" तिनं सांगितलं. त्यांनी ते तिच्या नावापुढं लिहिलं, गोळीचं पाकीट उलटं करून नाव उतरवून घेतलं, आणि तिला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. सगळं मिळून एक ओळ झाली. बॉलपेननं लिहिलेली, तिरपी, एक ओळ. ती लिहिली जाऊ नये म्हणून आम्ही एक लेकरू मारलं होतं.